अचानक इंतकाल झाला तर पोस्टमॉर्टेम का? डॉक्टर नेमकं काय शोधतात?

रात्री नीट जेवून झोपलेला माणूस फजरला उठत नाही. वय चाळीस-पंचेचाळीस. शुगर नाही, बीपी नाही, दवाखान्याचा एक कागद घरात नाही. रडारड होते, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना फोन जातात आणि तासाभरात कोणीतरी विचारतंच, "जोहरनंतर दफन करायचं ना?" तेवढ्यात पोलीस पाटील किंवा शेजारचं कोणी म्हणतं की ठाण्यात कळवायला हवं, पोस्टमॉर्टेम होईल. तिथून घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, मय्यतीची चिरफाड नको. दुसऱ्याचं म्हणणं, उद्या काही वेगळं निघालं तर काय करणार? मार्गासनी, नसरापूर, भोर या पट्ट्यात हा वाद नवीन नाही.

आम्ही शिक्षक. डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण गावात लोक सरकारी कागद शिक्षकाकडे वाचून घ्यायला आणतात आणि त्यांतला सगळ्यात घाबरवणारा कागद म्हणजे शवविच्छेदनाचा दाखला. त्यावर "मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन केला" असं लिहिलेलं असलं की घरच्यांना वाटतं, सरकारला आपल्यावरच संशय आहे. तसं नसतं. ही तपासणी कशी चालते हे आधीच माहीत असलं तर त्या दिवशी घरातली निम्मी भांडणं होणार नाहीत, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, प्रत्येक मृत्यूत पोस्टमॉर्टेम होत नाही. आजोबा वर्षभर हृदयाच्या उपचारांवर होते, डॉक्टर त्यांना तपासत होते आणि त्याच दुखण्यात ते गेले, तर तोच डॉक्टर मृत्यूचं कारण लिहून देतो. त्यावर मृत्यूची नोंद होते, दफन होतं, विषय संपतो. प्रश्न येतो तो कारण माहीत नसलेल्या मृत्यूंचा. झोपेत गेलेला तरुण, विहिरीत सापडलेली बाई, शेतात कोसळलेला गडी, साप, वीज, विष, फास, अपघात. अशा वेळी पोलीस "अकस्मात मृत्यू" अशी नोंद करतात. बोलताना सगळे त्याला ए.डी. म्हणतात. ए.डी. म्हणजे गुन्हा नव्हे, कोणावर आरोपही नव्हे. एक माणूस गेला, का गेला ते अजून कळलेलं नाही, एवढंच ती नोंद सांगते.

यामागचा कायदा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. पोलीस अधिकारी जागेवर येतो, परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांना पंच म्हणून घेतो, मय्यत कशी पडली आहे, अंगावर कुठे काय खुणा आहेत हे लिहितो आणि वरवर पाहता मृत्यू कशामुळे झाला असावा ते नोंदवतो. नव्या कायद्यात हा अहवाल २४ तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पोचवायचा असतो. कारणाबद्दल शंका असेल तर मय्यत तपासणीसाठी पाठवावीच लागते. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईने आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद वाटला तरीही तोच नियम. इथे नातेवाइकांची परवानगी लागत नाही. म्हणून "आम्हाला नको" असं लिहून देऊन, किंवा कोणा पुढाऱ्याचा फोन लावून हे टाळायचा प्रयत्न करू नये. टाळलेलं पोस्टमॉर्टेम पुढे दहापट महागात पडतं. नंतर कोणी तक्रार केली तर दंडाधिकारी दफन केलेली मय्यत कबरीतून बाहेर काढायचा हुकूम देऊ शकतो. घरातल्यांसाठी यापेक्षा वाईट काय असेल?

मार्गासनीतून मय्यत साधारण वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाते. तिथे तपासणारा बहुतेक वेळा साधा वैद्यकीय अधिकारी असतो. न्यायवैद्यक शास्त्रात एम.डी. केलेले तज्ज्ञ मोठ्या ठिकाणी, म्हणजे पुण्यात ससून आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांत भेटतात. प्रकरण गुंतागुंतीचं वाटलं तर खालचा डॉक्टर मय्यत पुढे पाठवू शकतो. त्यात वेळ जातो, पण अशा वेळी "इथेच उरकून टाका" असा आग्रह धरू नये.

डॉक्टरचं काम शस्त्र हातात घेण्याच्या बरंच आधी सुरू होतं. तो पंचनामा वाचतो, नातेवाइकांशी बोलतो. मग कपडे पाहतो, त्यावर माती आहे का, ओल आहे का, उलटीचे डाग आहेत का. मग बाहेरून सगळं शरीर, डोक्याच्या केसांपासून नखांपर्यंत. मृत्यूनंतर शरीर ताठ होतं. सुरुवात जबड्या-मानेकडे आधी दिसते, साधारण बारा तासांत सगळं अंग आखडतं आणि मग हळूहळू सैल पडतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं, थंडीत उशिरा. दुसरी खूण रक्ताची. हृदय थांबलं की रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं आणि तिथे निळसर-जांभळे चट्टे दिसतात. काही तासांनी ते तिथेच पक्के होतात. आता मय्यत उताणी सापडली आणि चट्टे मात्र छाती-पोटावर असले तर? म्हणजे माणूस गेल्यावर बराच वेळ पालथा होता आणि नंतर कोणीतरी त्याला उलटवलं. घरच्यांनीच तोंड किब्ल्याकडे करायला हलवलं असेल, तर ते डॉक्टरला सांगितलेलं बरं, नाहीतर उगाच शंका येते.

चट्ट्यांचा रंगही बोलतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्या किंवा हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरात गॅस गिझर लावणाऱ्या माणसाचा जीव कार्बन मोनॉक्साइडने जातो. त्याचे चट्टे जांभळे न होता लालगुलाबी दिसतात. चेहरा इतका टवटवीत दिसतो की लोक म्हणतात, झोपल्यासारखाच दिसतोय. कीटकनाशक पोटात गेलं असेल तर तोंडाशी फेस, बारीक झालेल्या बाहुल्या आणि एक उग्र वास मिळू शकतो. गुंजवणीच्या किंवा पानशेतच्या पाण्यात माणूस सापडला तर प्रश्न असतो, बुडून गेला की आधीच गेला आणि मग पाण्यात पडला? जिवंत माणूस बुडताना श्वास ओढतो, म्हणून नाका-तोंडाशी बारीक पांढरा फेस येतो, फुप्फुसं फुगतात. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीवही काही वेळा हाडांच्या मगजापर्यंत पोचलेले सापडतात.

मग शरीर उघडतात. डोकं, छाती आणि पोट, तिन्ही पाहायचे असतात. प्रत्येक अवयव बाहेर काढून वजन होतं, कापून आतून पाहिला जातो. प्रौढ माणसाचं हृदय साधारण तीनशे ग्रॅमचं. ते फार जड भरलं तर डॉक्टर थबकतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तो काही मिलीमीटरच्या अंतराने आडव्या कापत जातो, कारण अडथळा नखाएवढ्या जागेत असू शकतो. इथे एक गोष्ट लोकांना सांगूनही पटत नाही. हार्ट अटॅकने माणूस पाच-दहा मिनिटांत गेला, तर हृदयाचा स्नायू नुसत्या डोळ्यांना अगदी निरोगी दिसतो! स्नायूत बदल दिसायला काही तास जावे लागतात आणि तेवढा वेळ तो माणूस जगलेलाच नसतो. म्हणून हृदयाचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला पाठवतात. कधी तिथेही काही सापडत नाही. हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडून जीव गेला असेल तर तो बिघाड मय्यतीत दिसत नाही, कारण ठोकाच थांबलेला असतो. टीव्हीवरच्या 'सीआयडी'त डॉ. साळुंखे मिनिटभरात सगळं सांगतात. खऱ्या डॉक्टरला अनेकदा "कारण ठरवता येत नाही" असंच लिहावं लागतं, आणि ते प्रामाणिक उत्तर असतं.

घरच्यांचं बोलणं किती मोलाचं असतं याचं आपल्या भागातलं उदाहरण म्हणजे मण्यार. भातलावणीच्या दिवसांत, पावसाळ्यात, जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, सूजही फारशी नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास थांबतो. घरचे म्हणतात, पोटात दुखून गेला. शरीर उघडल्यावरही ठळक असं फार थोडं दिसतं. पण "तो खाली झोपला होता, पहाटे डोळे उघडत नव्हते" एवढं कोणी सांगितलं, तर डॉक्टर पायाच्या बोटांच्या बेचक्या आणि कानामागची जागा भिंग घेऊन पाहील.

म्हणून त्या सकाळी घरात झाडलोट करू नका. उलटी पुसू नका, कपडे धुऊ नका, अर्धा राहिलेला चहाचा कप विसळू नका. गोळ्यांची पाकिटं, फवारणीच्या औषधाचा डबा, जुने ईसीजी, सगळं पोलिसांच्या हाती द्या. छातीत दुखलं होतं का, कधी चक्कर येऊन पडला होता का, घराण्यात कोणी तरुणपणी असंच गेलं का, हे विचारायच्या आधी सांगा. आणि खोटं बोलू नका. इज्जतीसाठी फास लपवून "अटॅक आला" म्हणणारी घरं असतात. गळ्यावरची खूण डॉक्टरला दिसतेच, आणि मग खऱ्या आत्महत्येवरही खुनाची शंका येते.

माहिती लपवली की काय होतं, याची पुण्याचीच एक जुनी केस कायद्याच्या आणि न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत आजही शिकवतात. शुक्रवार पेठेत राहणाऱ्या लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवा. त्यांना मधुमेह होता. घरात उठबस असलेले डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांना मुंबईच्या डॉक्टरकडे दाखवतो म्हणून १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याहून रेल्वेने घेऊन निघाले. पहाटे मुंबईत गाडी पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल, म्हणजे जी. टी. हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे त्यांच्या रोजच्या ओळखीच्या नावाने नोंदच झाली नाही. शुद्धीवर न येता दुपारच्या आत त्या गेल्या. मोठ्या डॉक्टरांना शंका आली होती, शवविच्छेदन करावं असं ठरत होतं. पण मधुमेहाने आलेली बेशुद्धी असं कारण कागदावर आलं आणि तपासणी राहून गेली. नातेवाइकांना कोणी कळवलं नाही. मय्यत बेवारस म्हणून पडून राहिली आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागापर्यंत गेली. तिथे मानेवर खूण असल्याची शंका निघाली, तेव्हा कुठे २३ नोव्हेंबरला शवविच्छेदन झालं. दहा दिवसांनी! रासायनिक तपासणीत विष सापडलं नाही. डॉक्टरांनीही मधुमेहाचंच कारण दिलं.

इकडे पुण्यात ओळखीच्यांना बाईंच्या नावाने पत्रं येत होती की आपण लग्न करून दूर गेलो, शोधू नका. त्यांची मालमत्ता हळूहळू लागूंच्या हाती जात होती. पुढे नातेवाइकांनी तक्रार केली, तपास झाला, खटला उभा राहिला. बचाव पक्षाचा मुद्दा वजनदार होता, की विषच सापडलं नाही तर विषाने खून कसा? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर १९५९ मध्ये निकाल लागला. बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांनी, जे पुढे १९६८ मध्ये देशाचे पहिले मुस्लीम सरन्यायाधीश झाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अनेक विषं शरीरात माग ठेवत नाहीत, म्हणून तपासणीत विष सापडलं नाही एवढ्यावरून खून झालाच नाही असं होत नाही. आजूबाजूची सगळी परिस्थिती पाहायची. लपवलेलं नाव, न कळवलेले नातेवाईक, खोटी पत्रं. शिक्षा कायम झाली. एका न्यायमूर्तींचं मत मात्र वेगळं पडलं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता उलट बाजू. १९८२ च्या जूनमध्ये पुण्यातच एका नवविवाहितेचा मृत्यू झाला. या वेळी शरीरात पोटॅशियम सायनाइड सापडलं. खालच्या कोर्टाने आणि हायकोर्टाने नवऱ्याला फाशी सुनावली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती एस. मुर्तझा फजल अली यांनी निकाल दिला आणि तो सुटला. विषाने मृत्यू झाला हे शरीराने सांगितलं, पण ते दुसऱ्याने दिलं की तिने स्वतः घेतलं हे शरीर सांगू शकत नव्हतं. विषाच्या खटल्यात हेतू हवा, विषानेच मृत्यू झाल्याचा पुरावा हवा, आरोपीकडे विष असल्याचा हवा आणि त्याला ते द्यायची संधी मिळाल्याचाही हवा, असं त्यांनी मांडलं.

दोन्ही केसेस आम्ही मुद्दाम शेजारी ठेवल्या. एकीत विष नाही तरी शिक्षा, दुसरीत विष आहे तरी सुटका. शवविच्छेदन करणारा डॉक्टर "कशाने" याचं उत्तर देतो. "कोणी" हे त्याचं काम नाही. त्याच्या कागदाला घाबरायचं कारण नाही आणि त्या कागदावर कोणाला गुन्हेगार ठरवायचंही कारण नाही.

आता "व्हिसेरा जतन" म्हणजे काय ते पाहू. जठर आणि त्यातला ऐवज, आतड्याचा भाग, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे बरण्यांत घालतात. त्या मिठाच्या पाण्याने भरतात. पाण्यात आणखी मीठ विरघळणार नाही इतकं दाट पाणी, लोणच्याच्या खारासारखं. ते मांस कुजू देत नाही. त्याच मिठाच्या पाण्याचा थोडा नमुना वेगळा पाठवतात, म्हणजे विष पाण्यातूनच आलं असा आक्षेप राहत नाही. बरण्यांना लाखेचं सील लागतं आणि पोलीस शिपाई त्या प्रयोगशाळेत पोचवतो. आपल्या भागासाठी पुण्यातली प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, मुख्य संचालनालय मुंबईत कलिन्याला. उत्तर यायला महिने लागतात. तोपर्यंत डॉक्टर अंदाजाने काही लिहीत नाही, मत राखून ठेवतो. एवढाच त्या ओळीचा अर्थ.

दफनाच्या घाईबद्दल. ही घाई दीनने शिकवलेली आहे, ती चुकीची नाही. पण डॉक्टरकडे काम काही तासांचं असतं. बराचसा वेळ जातो तो पंचनामा, गाडी आणि कागदांत. सकाळी उशिरा कळवलं की सगळंच संध्याकाळवर जातं, म्हणून ठाण्यात लगेच कळवणं हाच लवकर दफनाचा रस्ता आहे. पूर्वी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नसे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पुरेसा उजेड आणि सोय असलेल्या रुग्णालयांत रात्रीही ते करायला मुभा दिली. त्याचं चित्रीकरण करायचं असतं. खून, आत्महत्या किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणं मात्र एरवी रात्री करायची नाहीत असं त्यात आहे. छोट्या रुग्णालयात सोय असेलच असं नाही, पण विचारायला हरकत काय?

बेअदबीची भीती खरी आहे. मय्यतीचा मान जिवंत माणसाइतकाच, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. त्याच वेळी उलेमांनी जरूरतीचा विचारही केलेला आहे. मक्केतल्या राबिताच्या फिक्ह अकादमीने १९८७ मध्ये गुन्ह्याच्या तपासासाठी आणि रोगाचं कारण शोधण्यासाठी शवविच्छेदन जायज ठरवलं, गरजेपुरतंच करावं या अटीवर. तपासणीनंतर अवयव पुन्हा शरीरात ठेवून टाके घालतात, फक्त नमुने बाहेर जातात. मय्यत बाईची असेल तर स्त्री डॉक्टर किंवा स्त्री कर्मचारी मिळेल का हे नम्रपणे विचारता येतं. गुस्ल देताना टाक्यांवर जोर देऊ नये, रक्त पाझरत असेल तर कापूस आणि पट्टी लावावी. पाणी लावणं शक्यच नसेल तर काय करायचं ते इमामसाहेबांना विचारावं. सरकारी रुग्णालयात या कामाचे पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका.

आणि हा कागद पुढे उपयोगाला येतो. साप चावून, वीज पडून किंवा शेतातल्या अपघातात शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वारसांना दोन लाख रुपये मिळतात. तिथे पंचनामा आणि शवविच्छेदनाचे कागद मागितले जातात. गुपचूप दफन केलं तर मण्यारीने गेलेला माणूसही कागदावर "पोटात दुखून" गेलेलाच राहतो आणि बेवा बाई कचेरीच्या चकरा मारत बसते. विम्याचंही तेच.

अंतिम अहवाल पोलीस ठाण्यात येतो, तो आपोआप घरी येत नाही. ए.डी. नंबर आणि तारीख लिहून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी अर्ज करून नक्कल मागा. ती डॉक्टरकडून वाचून घ्या. त्यात हृदयाचा स्नायू जाड झाल्याचं लिहिलं असेल तर विशेष जपा. हा आजार अनेकदा घराण्यात चालत येतो, आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते आणि बाहेरून काही दिसत नाही. शाळेच्या मैदानावर धावणारं पोरही त्यातलं असू शकतं. मरहूमच्या भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी आणि इको त्याच महिन्यात करून घ्या.